स्वातंत्र्यदिन : घरांतला आणि घराबाहेरचा



गेल्या ऑगस्ट महिन्याच्या १६ तारखेस आम्ही नववीच्या वर्गावर इतिहासाचा तास घेण्यास गेलों, तेव्हां पुस्तक उघडण्यापूर्वीं मुलांना एक साधा प्रश्न विचारला. "काल स्वातंत्र्यदिन झाला. शाळेंत झेंडावंदन झालें, तें आपण सर्वांनीं मिळून केलें. परंतु येथून घरीं गेल्यावर तुमच्या घरच्या मंडळींनीं हा दिवस कसा साजरा केला, तें सांगा."

क्षणभर कोणी बोलेना. मग एकानें सांगितलें कीं, वडिलांनीं येतांना अर्धा किलो जिलबी आणली. दुसरा म्हणाला, आम्ही घाटांत धबधबा पाहावयास गेलों होतों. तिसऱ्याचे वडील पुष्कळ दिवसांनीं सुट्टी मिळाली म्हणून दुपारभर झोंपले. एका मुलीच्या आईनें दारापुढें तीन रंगांची रांगोळी काढली होती. तिचें आम्हांस कौतुक वाटलें. शेवटीं मागच्या बांकावरील एक अबोल मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझी आजी म्हणते, आपला स्वातंत्र्यदिन अजून पंधरा दिवसांनीं आहे."

सगळा वर्ग हंसला. सांगावयास लाज वाटते, पण आम्हांसही हंसूं आलें. आणि "खालीं बैस, तारीख नीट पाठ कर," असें आम्हीं त्यास सांगितलें.

या मुलाच्या उत्तराकडे आम्ही लेखाच्या शेवटीं वळणार आहों, कारण त्याचा अर्थ आम्हांस उमगला तो मागाहून, आणि तोही एका परक्या देशाच्या इतिहासावरून. त्या दिवशींच्या धड्यांत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा होता. तो शिकवितांना, त्या देशांतील कुटुंबें आपला स्वातंत्र्यदिन कसा पाळतात, याचा आम्हीं थोडा अभ्यास केला. तोच येथें आपणांपुढें ठेवीत आहों.

तारीख कशी ठरली

आज ज्यास अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें म्हणतात, त्यांतील मूळच्या १३ वसाहती इंग्लंडच्या राजाच्या अमलाखालीं होत्या. कर बसविणारें पार्लमेंट लंडनला, आणि त्या पार्लमेंटांत आपला एकही प्रतिनिधि नाहीं, ही त्या वसाहतींची मुख्य तक्रार होती. १७७५ सालीं लढाईस तोंड लागलें. १७७६ च्या जानेवारींत टॉमस पेन यानें 'कॉमन सेन्स' नांवाची एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि राजाशीं समेट करावा कीं त्यापासून वेगळें व्हावें, हा वाद घरोघरीं पोहोंचला.

फिलाडेल्फिया शहरीं भरलेल्या काँग्रेसनें २ जुलै १७७६ रोजीं स्वातंत्र्याचा ठराव संमत केला. तो कोणत्या कारणांसाठीं केला हें जगास कळविणारा जाहीरनामा दोन दिवसांनीं, म्हणजे ४ जुलै रोजीं, मंजूर झाला. त्याचा मसुदा टॉमस जेफर्सन यानें लिहिला होता. पुढें त्यावर ५६ जणांच्या सह्या झाल्या, आणि त्यांतील बहुतेक २ ऑगस्ट रोजीं झाल्या.

येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. काँग्रेसचा एक पुढारी जॉन ॲडम्स यानें ३ जुलै रोजीं आपली पत्नी ॲबिगेल हिला पत्र लिहिलें. २ जुलै हा दिवस पुढील पिढ्या उत्सव म्हणून पाळतील, त्या दिवशीं देवाचे आभार मानले जातील, मिरवणुकी निघतील, खेळ होतील, तोफा डागल्या जातील, घंटा वाजतील, आणि देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत रोषणाई होईल, असें भाकीत त्यानें केलें. तारीख दोन दिवसांनीं चुकली. बाकी सर्व खरें ठरलें. दुसऱ्याच वर्षीं, ४ जुलै १७७७ रोजीं, फिलाडेल्फियांत घंटा वाजल्या, १३ वसाहतींसाठीं १३ तोफा झाडल्या गेल्या, व रात्रीं दारूकाम झालें. ऱ्होड आयलंड संस्थानांतील ब्रिस्टल नांवाच्या गांवीं १७८५ सालापासून हा उत्सव चालत आला आहे. याहून आश्चर्याची गोष्ट अशी कीं, ॲडम्स आणि जेफर्सन हे दोघेही एकाच दिवशीं, आणि तोही ४ जुलै १८२६ म्हणजे जाहीरनाम्याच्या बरोबर पन्नासाव्या वाढदिवशीं, वारले.

कायद्यानें हा दिवस सरकारी सुट्टीचा ठरला तो १८७० सालीं. हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. सरकारनें सुट्टी देण्यापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें लोक हा सण आपल्या हौसेनें पाळीत होते. सण आधीं लोकांचा झाला. सरकारचा मागाहून झाला.

घरांतील दिवस

जुलै महिना म्हणजे तिकडे भर उन्हाळा. शाळांस मोठी सुट्टी असते. लहान गांवांतील घरांत हा दिवस साधारणपणें कसा जातो, तें पाहूं. सकाळीं प्रथम घराच्या ओसरीवर झेंडा लागतो. १३ पट्टे मूळच्या १३ वसाहतींचे, आणि ५० तारे आजच्या ५० संस्थानांचे. नवें संस्थान सामील झालें कीं, पुढच्या ४ जुलैला झेंड्यावर त्याचा तारा चढतो, असा तेथील १८१८ सालचा नियम आहे. हवाई हें संस्थान १९५९ च्या ऑगस्टांत सामील झालें आणि त्याचा पन्नासावा तारा ४ जुलै १९६० रोजीं झेंड्यावर आला. देशांत नवा घटक आला तर त्याची जागा स्वातंत्र्यदिनींच करून द्यावयाची, ही कल्पना आम्हांस फार सुंदर वाटली.

झेंडा लागल्यावर लहान मुलें आपल्या तीनचाकी व दोनचाकी सायकलींना तांबडे, पांढरे व निळे कागद गुंडाळतात, आणि गांवच्या मिरवणुकींत सामील होतात. या मिरवणुकींत शाळेचा बँड असतो, आगीचा बंब असतो, जुने सैनिक असतात. आणि ज्यांना चालवत नाहीं असे वृद्ध लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले असतात. मुलगा बँडमध्यें, काका बंबावर, आजोबा सैनिकांच्या रांगेंत, अशीं एकाच घरचीं माणसें मिरवणुकींत ठिकठिकाणीं दिसतात. तेथें पाहणारे व मिरविणारे असे दोन वर्ग नसतात.

दुपारीं अंगणांत किंवा बागेंत सहभोजन होतें. एरवीं तिकडे स्वयंपाक बहुधा घरांत चालतो. या दिवशीं तो बाहेर येतो. जाळीच्या शेगडीवर मांस व मक्याचीं कणसें भाजलीं जातात. आमंत्रित कुटुंबें एकेक पदार्थ करून आणतात; कोणी बटाट्याची कोशिंबीर, कोणी सफरचंदाचें पाय, कोणी कलिंगड. लिंबाचें सरबत व आइस्क्रीम तर हवेंच. देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू इंग्लंड भागांत या दिवशीं सामन मासा व कोंवळे मटार खाण्याची जुनी चाल आहे. जेवणानंतर पोत्यांत पाय घालून धांवण्याची शर्यत, तीन पायांची शर्यत, चेंडूफळी असे खेळ होतात. आपल्याकडील गॅदरिंगच्या खेळांची आठवण यावी, असेच ते असतात. फरक एवढाच कीं, तेथें आईबापही पोत्यांत शिरतात.

सूर्य तिकडे उन्हाळ्यांत उशिरां मावळतो. अंधार पडूं लागला कीं, सर्व कुटुंब चादर घेऊन मैदानावर किंवा नदीकांठीं जाऊन बसतें व नगरपालिकेचें दारूकाम पाहतें. हें दारूकाम गांवाच्या वतीनें एके ठिकाणीं होतें, यामागें एक दुःखद इतिहास आहे. पूर्वीं प्रत्येक घरीं मुलांच्या हातांत फटाके व खेळण्यांतलीं पिस्तुलें असत. भाजण्यानें मेले त्याहून कितीतरी अधिक, जखमांतून धनुर्वात होऊन मेले. १९०३ सालीं तेथील डॉक्टरांच्या मासिकानें मोजदाद केली, तेव्हां त्या एका सणापायीं ४०० हून अधिक माणसें दगावल्याचें दिसून आलें. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. मग आया, शिक्षक व डॉक्टर यांनीं चळवळ केली, शहरांनीं नियम केले, आणि मुलांच्या मृत्यूंची ती रांग हळूहळू थांबली. सणाची रीत वाईट असली तर ती बदलतां येते, व बदलल्यानें सण मरत नाहीं, हा यांतील बोध आहे.

पूर्वींच्या काळीं या दिवसाचा गाभा म्हणजे जाहीरनाम्याचें वाचन. गांवांतील एखादा चांगला वाचणारा तरुण उभा राहून तो मोठ्यानें वाची, आणि सर्व कुटुंबें उभीं राहून ऐकत. ही चाल आतां पुष्कळ ठिकाणीं मागें पडली असली, तरी कांहीं गांवीं, तसेंच राजधानी वॉशिंग्टन येथें, अद्यापि चालू आहे. जेफर्सनच्या माँटिसेलो येथील घरापुढें १९६३ सालापासून दरवर्षीं ४ जुलैला नव्या नागरिकांचा शपथविधि होतो. जगाच्या नाना देशांतून आलेलीं माणसें, कडेवर मुलें घेऊन, त्या दिवशीं त्या देशाचीं नागरिक होतात.

तिकडे स्थायिक झालेलीं आपलीं मराठी कुटुंबेंही हा सण पाळतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाचें अधिवेशन कांहीं वर्षीं याच सुट्टीच्या सुमारास भरलें आहे. अशा वेळीं दिवसा नाट्यसंगीत व पुरणपोळी, आणि रात्रीं दारूकाम, असा दुहेरी सण मुलांना घडतो.

जे दाराबाहेर राहिले

येथवर वाचून हें चित्र फार गोड वाटेल. पण इतिहासाच्या शिक्षकानें येथेंच थांबणें योग्य नव्हे. सर्व माणसें समान निर्माण झालीं आहेत, असें त्या जाहीरनाम्यांत म्हटलें आहे. आणि तो लिहिणाऱ्या जेफर्सनच्या मालकीचे त्याच्या हयातींत मिळून ६०० हून अधिक गुलाम होते. मूळ मसुद्यांत त्यानें गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक परिच्छेद घातला होता, तो काँग्रेसनें काढून टाकला. म्हणजे ज्या दिवशीं घंटा वाजल्या, त्या दिवशीं त्याच देशांत लाखों माणसें विकलीं व विकत घेतलीं जात होतीं.

मग अशा माणसांच्या घरीं ४ जुलै कसा साजरा होत असे? न्यूयॉर्क संस्थानांत गुलामगिरीचा शेवट ४ जुलै १८२७ रोजीं झाला. तेव्हां तेथील निग्रो कुटुंबांनीं, कांहीं अंशीं गोऱ्या जमावाच्या दंडेलीच्या भयानें, आपली मिरवणूक ४ तारखेस न काढतां ५ तारखेस काढली. स्वातंत्र्य मिळालें तरी स्वातंत्र्यदिन एक दिवस उशिरां!

त्याच संस्थानांतील रॉचेस्टर शहरीं १८५२ सालीं फ्रेडरिक डग्लस यास भाषणासाठीं बोलाविण्यांत आलें. डग्लस जन्मानें गुलाम होता. चोरून लिहिणें-वाचणें शिकून १८३८ सालीं तो पळाला, आणि पुढें मोठा वक्ता झाला. त्यानेंही ५ जुलै हाच दिवस घेतला. जाहीरनामा लिहिणाऱ्यांच्या धैर्याची त्यानें प्रथम मनापासून स्तुति केली. आणि मग समोरील मंडळींस विचारलें कीं, तुमचा हा सण गुलामाला काय वाटत असेल, याचा तुम्हीं कधीं विचार केला आहे काय? हा आनंद तुमचा आहे, माझा नव्हे, असें त्यानें निर्भयपणें सांगितलें. जाहीरनामा त्यानें धिक्कारला नाहीं. त्यांतील शब्द खरे करा, एवढेंच त्याचें मागणें होतें.

पुढें यादवी युद्ध होऊन १८६५ च्या अखेरीस घटनेंत दुरुस्ती झाली, व गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. या घटनेचा पडसाद आपल्या महाराष्ट्रांतही उमटला. पुण्यांत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले व टॉमस पेनचे ग्रंथ वाचून प्रभावित झालेले जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें; आणि गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस तें अर्पण केलें. दूर देशींचा तो धडा आपल्या घरांतील अन्यायास लावून पाहावा, ही दृष्टि त्यांनीं आपणांस दीडशें वर्षांपूर्वीं दिली आहे.

एकोणीस जून

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा अंमल १ जानेवारी १८६३ पासून सुरू झाला होता. परंतु टेक्सस या दूरच्या संस्थानांतील सुमारें अडीच लाख गुलामांस त्याचा लाभ मिळाला नाहीं. मालकांनीं तो मिळूं दिला नाहीं. अखेर १९ जून १८६५ रोजीं जनरल ग्रेंजर हा फौजेसह गॅल्व्हस्टन बंदरांत आला, आणि सर्व गुलाम मुक्त आहेत, असा हुकूम त्यानें जाहीर केला. अडीच वर्षें उशिरां आलेली ही बातमी!

दुसऱ्या वर्षापासून या मुक्त झालेल्या कुटुंबांनीं १९ जून हा आपला सण केला. इंग्रजींतील महिना व तारीख यांचा संधि करून त्यास 'जूनटीन्थ' असें घरगुती नांव पडलें. सरकारी सुट्टी नाहीं, तोफा नाहींत, पुष्कळ ठिकाणीं सार्वजनिक बागेंत पाऊल ठेवण्याचीही मुभा नाहीं. म्हणून हीं कुटुंबें नदीकांठीं किंवा देवळाच्या आवारांत जमत. ह्यूस्टन शहरीं तर पूर्वाश्रमींच्या गुलामांनीं आपल्या तुटपुंज्या कमाईंतून वर्गणी काढून १८७२ सालीं दहा एकर जागा विकत घेतली, ती केवळ हा दिवस साजरा करतां यावा म्हणून. तिचें नांव 'इमॅन्सिपेशन पार्क', म्हणजे मुक्तीची बाग. ती बाग आजही आहे.

या सणांत मुक्तीचा हुकूम वाचला जाई. प्रार्थना होई. गुलामगिरींत विकलीं जाऊन ताटातूट झालेलीं नातलग माणसें एकमेकांस शोधीत येत. ज्येष्ठ मंडळी नातवंडांना जवळ बसवून, आम्ही कसे होतों व ती बातमी कशी आली, तें सांगत. जेवणांत तांबडे पदार्थ असत: तांबडें सरबत, कलिंगड, तांबडा केक. पूर्वजांच्या सांडलेल्या रक्ताची ती खूण, असें पुष्कळ जण मानतात. लहान मुलानें 'सरबत तांबडेंच कां?' असें विचारावें, आणि आजीनें सगळा इतिहास सांगावा, अशी ही पाठशाळा पिढ्यान्‌पिढ्या चालली.

या सणाशीं एका शिक्षिकेचें नांव जोडलेलें आहे. श्रीमती ओपल ली यांचा जन्म १९२६ सालीं टेक्ससमध्यें झाला. १९३९ सालीं त्यांचे आईवडील फोर्ट वर्थ शहरांतील गोऱ्या वस्तींत राहावयास गेले. आणि नेमक्या १९ जूनच्या दिवशीं जमावानें त्यांचें घर उद्ध्वस्त करून पेटवून दिलें. तेव्हां त्या बारा वर्षांच्या होत्या. पुढें त्यांनीं आयुष्यभर मुलांना शिकविलें. २०१६ सालीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं, त्या फोर्ट वर्थहून वॉशिंग्टनकडे पायीं निघाल्या. वाटेंतील गांवोगांवीं त्या अडीच मैल चालत. अडीच मैल कां, तर ती बातमी अडीच वर्षें उशिरां पोहोंचली म्हणून. १९ जून हा सर्व राष्ट्राचा सण व्हावा, एवढीच त्यांची मागणी होती. १७ जून २०२१ रोजीं तो कायदा झाला, आणि सही होत असतांना त्या तेथें हजर होत्या. त्या कायद्यांत या दिवसाचें नांव 'जूनटीन्थ राष्ट्रीय स्वातंत्र्यदिन' असें आहे. म्हणजे त्या देशाला आज कायद्यानें दोन स्वातंत्र्यदिन आहेत: एक देश स्वतंत्र झाला तो, आणि दुसरा, टेक्ससमधील गुलामांस मुक्तीचा हुकूम पोहोंचला तो.

गॅल्व्हस्टनच्या त्या दिवसापासून या कायद्यापर्यंत १५६ वर्षें लोटलीं. इतकी वर्षें तो दिवस कोणीं जिवंत ठेविला? सरकारनें नव्हे, शाळेच्या पुस्तकांनीं तर नव्हेच. घरांतील चुलीनें, आजीच्या तोंडच्या गोष्टीनें, आणि देवळाच्या आवारांतील पंगतीनें ठेविला. राष्ट्र जें विसरतें, तें घर लक्षांत ठेवूं शकतें, हें या इतिहासाचें सार आहे.

आपल्या घरीं

आतां आपण आपल्याकडे वळूं. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस सर्व भारताचा. परंतु मराठी मुलखांतही सर्वांना स्वातंत्र्य एकाच दिवशीं मिळालें नाहीं. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. तो १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मुक्त झाला. गोमंतक पोर्तुगीजांच्या ताब्यांतून सुटला तो १९ डिसेंबर १९६१ रोजीं. आपल्या शाळेंत असे विद्यार्थी असतील कीं, ज्यांच्या आईचें माहेर एकीकडचें व आजीचें माहेर दुसरीकडचें. त्यांच्या एका घरांत दोन-तीन स्वातंत्र्यदिन आहेत, आणि कदाचित् त्यांना त्याची जाणीवही नसेल.

आणि आतां मागच्या बांकावरील आमच्या त्या विद्यार्थ्याविषयीं. जूनटीन्थचा वृत्तांत वाचीत असतां त्याचे शब्द आम्हांस एकाएकीं आठवले, आणि पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ तसेच बसलों. पंधरा दिवसांनीं म्हणजे ३१ ऑगस्ट. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढें तो देशभर लागू करण्यांत आला. त्या कायद्यानें पारधी, कैकाडी यांसारख्या कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. कोणीं गुन्हा केला म्हणून नव्हे, तर त्या आईच्या पोटीं जन्मला म्हणून! त्यांना नियमानें हजेरी द्यावी लागे. परगांवीं जावयाचें तर परवाना लागे. आणि पुष्कळांना तारेच्या कुंपणाआड वसविलें जाई. सोलापुरास अशी एक मोठी वसाहत होती; तिला लोक 'सेटलमेंट' म्हणत. देश स्वतंत्र झाल्यावरही हा कायदा राहिला. तो देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ नंतर पांच वर्षें सोळा दिवसांनीं. त्या जमाती तेव्हांपासून 'विमुक्त' म्हणविल्या जातात, आणि ३१ ऑगस्ट हा आपला मुक्तिदिन मानतात.

मुलगा चुकला नव्हता. चुकलों होतों ते आम्ही.

३१ तारखेस संध्याकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. घर दोन खोल्यांचें. आजीबाई भिंतीशीं बसल्या होत्या. भोंवतीं सात-आठ नातवंडें होतीं. चुलीवर गुळाचा भात शिजत होता. आम्हीं हात जोडून येण्याचें कारण सांगितलें, तेव्हां त्या आधीं कांहीं बोलेनात. मग म्हणाल्या, "मास्तर, हजेरी बंद झाली तवा मी नऊ-धा वर्सांची हुते. त्या रातीला हजेरीची येळ झाली, अन् माझा बा सवयीनं उठून उभा राह्यला. आई म्हनली, बसा, आता कुनी बोलावनार न्हाई. बा बसला, अन् ढसाढसा रडला. ह्या पोरांस्नी मी दरसाल ह्येच सांगते."

एवढीच त्यांची गोष्ट. पण ती ऐकतांना एकही मूल हललें नाहीं. पुढें त्यांनीं सर्वांस भात वाढला, आम्हांसही वाढला. अमेरिकेविषयीं जें आम्हीं आठ दिवस ग्रंथांत शोधलें, तें आमच्याच गांवांत, आमच्याच विद्यार्थ्याच्या घरीं, इतकीं वर्षें चाललेलें होतें.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं त्या मुलाची सर्वांदेखत क्षमा मागितली, आणि 'आजीची गोष्ट तूं सांग' असें म्हटलें. त्यानें ती उभ्या उभ्या, हळू आवाजांत सांगितली. या वेळीं कोणी हंसलें नाहीं. तास संपल्यावर तीन-चार मुलें आमच्याकडे येऊन म्हणालीं, "सर, आम्हींही घरीं विचारूं काय?"

पालकांस विनंति

जिलबी जरूर आणावी. गोड खाल्ल्यावांचून सण कसला? झेंडाही घरावर अवश्य लावावा. आपल्याकडे राष्ट्रीय सण सोडून इतर दिवशीं आपल्या घरावर झेंडा लावण्याची मोकळीक सामान्य नागरिकास २००२ सालच्या ध्वजसंहितेनें मिळाली. तेव्हां ती जपून वापरावी, आणि दुसऱ्या दिवशीं तो झेंडा रस्त्यावर पडलेला दिसूं नये. परंतु एवढ्यानें दिवस संपूं नये. शाळेंत झेंडावंदन अर्ध्या तासांत आटोपतें. उरलेला दिवस घराचा आहे, आणि घरानें द्यावयाचें शिक्षण शाळेला देतां येत नाहीं.

आमची सूचना साधी आहे. येत्या १५ ऑगस्टला दुपारच्या जेवणास घरांतील सर्वांत वडील माणसास मध्यें बसवावें, आणि मुलांनीं पुढील प्रश्न विचारावे. ज्यांनीं १९४७ साल डोळ्यांनीं पाहिलें अशीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत, आणि दरवर्षीं तीं कमी होत आहेत. म्हणून यांत दिरंगाई करूं नये.

१. १९४७ सालीं आपलें कुटुंब कोणत्या गांवीं होतें? तेथें तेव्हां राज्य कोणाचें होतें?

२. स्वातंत्र्याची बातमी आपल्या घरीं कशी व केव्हां पोहोंचली? त्या दिवशीं घरांत काय घडलें?

३. त्यापूर्वीं आपल्या माणसांस जें करतां येत नसे, असें नंतर काय करतां येऊं लागलें? विहीर, देऊळ, शाळा, नोकरी, जमीन, मत, यांपैकीं काय?

४. आपल्या आसपास असें कोणतें घर आहे कीं, ज्याला स्वातंत्र्य आपल्यापेक्षां उशिरां मिळालें, किंवा अद्यापि पुरतें मिळालेलें नाहीं?

५. त्या घरच्या मुलास आपण या सणाला आपल्या घरीं जेवावयास बोलाविलें आहे काय?

पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें विद्यार्थ्यांनीं वहींत लिहून आणावीं. पुढील वर्षाच्या अंकांत निवडक उत्तरें छापण्याचा आमचा विचार आहे. पांचव्या प्रश्नाचें उत्तर लिहून आणण्याचें कारण नाहीं. तें ताटावर दिसलें म्हणजे झालें.